तीन सेलची बॅटरी आणि ॲरिस्टॉटल

पत्र

माझे बाबा मागच्या महिन्यात गेले. वीज मंडळात ३१ वर्षं लाइनमन होते, सगळी नोकरी एकाच तालुक्यात. येत्या रविवारी गावातल्या शाळेच्या हॉलमध्ये शोकसभा आहे. त्यांच्याबरोबर खांबावर चढलेले लोक, गावकरी, पाहुणे मिळून दीड-दोनशे माणूस होईल. घरच्यांच्या वतीने मी बोलायचं ठरलंय, कारण मी पुण्यात कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल मी दरवर्षी शिकवते, म्हणून भाषणाचे त्याचे एथॉस, पॅथॉस, लोगॉस (वक्त्यावरचा विश्वास, भावना, पुरावा) असे तीन भाग पाडले. आधी मी कोण आणि बाबांचं माझ्यावर ऋण काय, मग त्यांचं शेवटचं आजारपण, मग त्यांची नोकरी, बढत्या, मंडळाने दिलेलं प्रशस्तिपत्रक. भावाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "ताई, सगळं बरोबर आहे, पण यात बाबा कुठेत?"

शिवाय बाबा तापट होते. काकांशी वाटणीवरून ११ वर्षं बोलणं नव्हतं. काका पहिल्या रांगेत बसतील. त्याबद्दल बोलू की नको? मला मध्येच रडू फुटलं तर? आणि सगळ्यात जास्त टोचतं ते हे, की बापाच्या मरणावर भाषणाचं तंत्र वापरायचं, हे शोभतं का?

ता. क. बाबा निवृत्त झाल्यावरही उशाशी तीन सेलची बॅटरी घेऊन झोपायचे. रात्री लाइट गेली की अंगणात जाऊन बघायचे, सगळ्या आळीची गेलीय की आपल्याच घरची. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यातही त्यांनी बॅटरी मागितली होती. हे भाषणात कुठे बसेना, म्हणून वगळलं.

उत्तर

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा ता. क.पाशी थांबले. जे कुठे बसेना म्हणून तुम्ही वगळलंत, तिथूनच भाषण सुरू करा. भावाने विचारलं ना, बाबा कुठेत? ते त्या बॅटरीपाशी आहेत.

ॲरिस्टॉटलला मात्र बाजूला ठेवू नका. तुमची अडचण त्याच्यामुळे झालेली नाही. वक्तृत्वावरच्या त्याच्या 'ऱ्हेटोरिक' या ग्रंथातलं एकच पान हल्ली सगळीकडे फिरतं आणि तेवढंच हाताशी धरल्यामुळे ती झाली आहे. एथॉस, पॅथॉस आणि लोगॉस म्हणजे भाषणाचे तीन परिच्छेद, असं त्याने कुठेही म्हटलेलं नाही. ऐकणाऱ्याला पटतं ते तीन वाटांनी, एवढंच त्याचं म्हणणं: बोलणाऱ्याबद्दल वाटणारा विश्वास, ऐकणाऱ्याच्या मनाची त्या घटकेची अवस्था, आणि खुद्द बोलण्यातला पुरावा. या तिन्ही वाटा एकाच वाक्यातून जाऊ शकतात. समजा तुम्ही म्हणालात, "रात्री लाइट गेली की आम्ही पोरं अंथरुणातूनच बघायचो, बाबांच्या बॅटरीचा उजेड भिंतीवरून दाराकडे सरकायचा." तुम्ही तिथे होता हे कळलं, ऐकणाऱ्याच्या पोटात काहीतरी हललं, आणि माणूस कसा होता त्याचा दाखलाही मिळाला. याला तीन भाग कुठून पाडणार?

तुम्हाला हवं ते पान त्याच ग्रंथात, पहिल्या भागात थोडं पुढे आहे. भाषणाचे प्रकार ॲरिस्टॉटल विषयावरून पाडत नाही, समोर कोण बसलंय यावरून पाडतो. न्यायसभेतला माणूस झालेल्या गोष्टीचा निवाडा करायला बसलेला असतो. लोकसभेतला, म्हणजे अथेन्सच्या नागरिकांच्या सभेतला, पुढे काय करायचं ते ठरवायला आलेला असतो. तिसऱ्या प्रकारात समोर बसलेला नुसता बघणारा असतो. ग्रीकमध्ये त्याला थिओरॉस म्हणतात. त्याला मत द्यायचं नाही, निकाल द्यायचा नाही. हे भाषण स्तुतीचं किंवा निंदेचं, याचं नाव एपिडेइक्टिक, आणि त्याचा काळ वर्तमान. मृत्यूनंतरचं भाषण याच प्रकारात येतं.

आता तुमचा लोगॉसचा भाग परत वाचा. नोकरीची वर्षं, बढत्या, प्रशस्तिपत्रक. हा न्यायसभेतला कागद झाला. बाबा चांगले लाइनमन नव्हते असा आरोप त्या हॉलमध्ये कोणी केला आहे का? ॲरिस्टॉटल अगदी स्पष्ट सांगतो की स्तुतीच्या भाषणात माणसाची कृत्यं सगळ्यांना मान्यच असतात. बोलणाऱ्याच्या हाती उरतं ते एवढंच, की त्या कृत्यांना आकार द्यायचा आणि सौंदर्य द्यायचं. तिसऱ्या भागात तो आणखी एक गोष्ट सांगतो. ट्रॉयच्या युद्धातला वीर अकिलीस, त्याची स्तुती करायची तर त्याची हकिगत सांगत बसू नका, ती सगळ्यांना ठाऊक आहे. तुमच्या हॉलमधल्या लोकांना बाबा कोणत्या साली कुठल्या पदावर गेले हे ऐकायचं नाही. निम्म्यांना ते तुमच्याहून जास्त माहीत आहे.

ही चूक मीही केली आहे. माझ्या मामांच्या शोकसभेत मी त्यांचा जन्म, शिक्षण, नोकरी, त्यांनी स्थापलेली पतपेढी, सगळं क्रमाने सांगितलं. मामी शेवटी जवळ आल्या आणि म्हणाल्या, "छान बोललीस गं. पण ते तुम्हा पोरांना पेरू कापून मीठ लावून द्यायचे, ते राहिलं." मामी आज नाहीत. ते वाक्य अजून माझ्यापाशी आहे.

तर आकार कसा द्यायचा? ॲरिस्टॉटल याला ऑक्सेसिस म्हणतो, म्हणजे वाढवणं. वाढवणं म्हणजे फुगवणं असं आपल्याला लगेच वाटतं, कारण आपण 'आभाळाएवढा माणूस' छापाची भाषणं ऐकून ऐकून थकलेलो आहोत. त्याने दिलेल्या खुणा मात्र फार साध्या आहेत. हे काम त्याने एकट्याने केलं का? पहिल्यांदा केलं का? वेळ आणि परिस्थिती अशी होती का, की कोणी त्याच्याकडून अपेक्षाच धरली नसती? एकदाच घडलं, की पुन्हा पुन्हा? पुन्हा पुन्हा घडलं असेल तर ते योगायोगाने घडलं नाही, त्या माणसाने तसं ठरवलं होतं. आणि स्तुती ठरवून केलेल्या गोष्टीचीच होते. याच प्रकरणात तो म्हणतो की जे स्वतःच्या फायद्यासाठी केलेलं नाही, दुसऱ्यासाठी केलं आहे, ते अधिक सुंदर.

या खुणा बॅटरीला लावून बघा. नोकरीत असताना रात्री उठणं ही ड्यूटी होती. तेव्हा उठला नाही तर सकाळी साहेब विचारणार. निवृत्तीनंतर विचारणारं कोणी नव्हतं. पगार नव्हता, तक्रार वही नव्हती, खांबावर चढायचा अधिकारही राहिला नव्हता. तरी हा माणूस उठतो, चपला घालतो, अंगणात जातो आणि बघतो, अंधार फक्त आपल्या घरात आहे की सगळ्यांच्या. एकदा नव्हे, वर्षानुवर्षं. दवाखान्यात, जिथे जनरेटर असतो, नर्स असते, तिथेही तो बॅटरी मागतो. यात तुम्ही एक शब्दही वाढवलेला नाही, फक्त नीट क्रमाने ठेवलं आहे. हे ऐकल्यावर 'ते कर्तव्यदक्ष होते' असं म्हणायची गरज उरत नाही. तो शब्द भाषणातून काढूनच टाका. तो ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप येऊ दे.

सहकाऱ्यांपैकी एक-दोघांना या आठवड्यात फोन करा आणि एवढंच विचारा, "बाबांबरोबरची एखादी रात्र आठवते का?" पावसाळ्यातली, तार तुटलेली, डीपीवरचा फ्यूज उडालेली, कुठलीही. तुम्ही अंथरुणातून फक्त भिंतीवरचा उजेड पाहिला, पुढे तो उजेड कुठे गेला ते या माणसांनी पाहिलं आहे. भाषणात त्यांचं नाव घेऊन सांगा की हे मला यांनी सांगितलं. सांगणारा माणूस समोरच बसलेला असतो, आणि त्या क्षणी त्याचीही मान वर होते.

तुमच्यासमोर दोन प्रकारचे लोक बसतील, हे अथेन्सचा पुढारी पेरिक्लीस याने फार पूर्वी ओळखलं होतं. इसवी सन पूर्व ४३१ च्या हिवाळ्यात, अथेन्स आणि स्पार्टामधल्या पेलोपोनेशियन युद्धाच्या पहिल्या वर्षी मेलेल्यांसाठी तो अथेन्समध्ये बोलला. इतिहासकार थ्युसिडिडीसने ते भाषण आपल्या इतिहासात दिलं आहे. सुरुवातीलाच तो म्हणतो, इतक्या जणांचं शौर्य एका माणसाच्या बऱ्यावाईट बोलण्यावर टांगून ठेवावं हे मला पटत नाही. ज्याला मेलेला माणूस ठाऊक होता, त्याला वाटतं हे कमीच बोलले. ज्याला ठाऊक नव्हता त्याला वाटतं हे जास्तच बोलले, कारण आपल्याला जमेल असं वाटतं तेवढीच दुसऱ्याची स्तुती माणसाला सहन होते. तुमच्या हॉलमध्ये एकीकडे बाबांबरोबर शिडी धरलेले लोक आहेत, दुसरीकडे तुमच्या सासरचे, कॉलेजचे, ज्यांनी त्यांना लग्नात एकदाच पाहिलं. यातून वाट एकच निघते, जी गोष्ट सांगाल ती डोळ्यांना दिसेल एवढी नेमकी सांगा. ओळखीच्याला ती आठवते, अनोळखी माणसाला ती दिसते.

पण पेरिक्लीसचा साचा पूर्ण उचलू नका, हे मात्र आवर्जून सांगते. त्या लांब भाषणात मेलेल्यांपैकी एकाचंही नाव नाही. ते शहराचं भाषण आहे. पूर्वज, मग अथेन्सची राहणी, मग ते सगळे वीर एकत्र, असं ते जातं. आपल्याकडच्या सभांमध्येही याच मोहापायी 'आजच्या काळात अशी माणसं दुर्मिळ' वगैरे सुरू होतं, आणि गेलेला माणूस हळूहळू समाजाच्या गर्दीत हरवतो. अथेन्समध्येही ही रीत मोडणारा एक जण निघाला. इसवी सन पूर्व ३२२ मध्ये हायपेरायडीस या वक्त्याने अशाच सभेत लिओस्थेनीस या एका सेनापतीला नाव घेऊन मध्यभागी ठेवलं. त्याचं ते भाषण एकोणिसाव्या शतकात इजिप्तमध्ये सापडलेल्या पपायरसमुळे आपल्यापर्यंत आलं. तुम्ही हायपेरायडीसच्या बाजूला उभ्या राहा.

आता बाबांचा तापटपणा आणि काका.

इथे मला ॲरिस्टॉटलशी भांडायचं आहे. स्तुतीवरच्या त्याच प्रकरणात तो म्हणतो की स्तुती करताना दोषाच्या शेजारचा गुण उचलावा. तापट माणसाला सरळ आणि मोकळा म्हणावं, उतावळ्याला शूर, उधळ्याला उदार. ही युक्ती आपल्याला नवी नाही. 'फटकळ पण मनाने साफ' हे आपण प्रत्येक शोकसभेत ऐकतो, आणि ज्याने तो फटका खाल्लेला असतो तो खाली बघतो. काका पहिल्या रांगेत असताना तुम्ही 'बाबा स्पष्टवक्ते होते' म्हणालात, तर त्या एका शब्दाने तुमच्या बाकीच्या बोलण्यावरचा त्यांचा विश्वास उडेल, आणि त्यांच्याबरोबर खरं माहीत असलेल्या आणखी वीस जणांचा. प्लेटोच्या एका संवादात सॉक्रेटिस अशाच भाषणांबद्दल म्हणतो की ती ऐकून मी तिथल्या तिथे उंच आणि थोर झाल्यासारखा वाटतो, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी कुठे मला मी कोण ते आठवतं. तुमच्या आईला रविवारनंतरचा पाचवा दिवसही काढायचा आहे. त्या दिवशीही खरं वाटेल असंच बोला.

१९६८ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक कॅथेड्रलमध्ये अमेरिकेचे सिनेटर एडवर्ड केनेडी आपल्या खून झालेल्या भावाबद्दल, रॉबर्टबद्दल, बोलले. त्या भाषणाचा मोठा भाग रॉबर्टच्याच जुन्या भाषणातला आहे. शेवटी त्यांनी सांगितलं की माझ्या भावाला जिवंतपणी होता त्याहून मोठा करायची गरज नाही. चांगला, सभ्य माणूस म्हणून त्याची आठवण ठेवा, ज्याने अन्याय पाहिला आणि तो दूर करायचा प्रयत्न केला, दुःख पाहिलं आणि ते हलकं करायचा प्रयत्न केला, युद्ध पाहिलं आणि ते थांबवायचा प्रयत्न केला. त्यांचा आवाज तिथे कापत होता. ऑक्सेसिस नको म्हणणारं हे वाक्यच ऑक्सेसिसचा उत्तम नमुना आहे. पाहिलं आणि प्रयत्न केला, हे तीनदा येतं, तिन्ही वेळा क्रियापदं साधी, आणि 'यश मिळवलं' असं एकदाही म्हटलेलं नाही. हे प्रामाणिक वाढवणं.

म्हणून बाबांच्या तापटपणाबद्दल एक वाक्य बोला. एकच, आणि सफाई न देता. "बाबांचा राग मोठा होता, आम्ही तो सगळ्यांनी पाहिला आहे." एवढं म्हणून थांबा आणि पुढे जा. त्यानंतर तुम्ही जी चांगली गोष्ट सांगाल ती दुप्पट खरी वाटेल, कारण ही बाई काही लपवत नाही हे लोकांना कळलेलं असेल. तुम्ही पहिल्या भागात 'मी कोण' म्हणून जे लिहिलंय त्याची मग गरजच राहत नाही. ॲरिस्टॉटलचा खरा एथॉस हाच, बोलता बोलता तयार होणारा.

वाटणीचं आणि अबोल्याचं मात्र व्यासपीठावरून काहीही बोलू नका. क्षमेचं सुद्धा नाही. तो निवाडा झाला, आणि निवाड्याची जागा वेगळी. तुम्ही कितीही गोड शब्दांत काढलंत तरी दोनशे माणसं मान वळवून काकांकडे बघतील आणि त्यांना उत्तर द्यायची सोय नसेल. काकांना आधी घरी जाऊन भेटा, किंवा निदान फोन करा. विचारा, "तुमचं दोघांचं लहानपणचं काही सांगू का मी?" त्यांनी एखादी विहिरीतली उडी, एखादी चोरलेली कैरी दिली, तर ती भाषणात घ्या आणि म्हणा, "ही काकांनी सांगितली." 'मरणान्तानि वैराणि' हे रामाने रावणाच्या मृत्यूनंतर बिभीषणाला म्हटलं. तुम्हाला ते वचन उच्चारायचीही गरज नाही, काकांची कैरी ते काम करेल.

विरोधक असलेल्या माणसाने स्तुती कशी करावी याचं उदाहरण आपल्या पुण्यातच आहे. फेब्रुवारी १९१५ मध्ये गोखले गेले तेव्हा टिळक सिंहगडावर होते. दोघांचा वाद सगळ्या देशाला ठाऊक. टिळक खाली उतरले, स्मशानात बोलले, गोखल्यांना भारताचा हिरा आणि महाराष्ट्राचं रत्न म्हणाले, आणि जमलेल्यांना सांगितलं की याच्याकडे बघा आणि याच्यासारखं व्हायचा प्रयत्न करा. वादाचा उल्लेख त्यांनी केला नाही, तो मिटला असंही म्हटलं नाही. ॲरिस्टॉटल म्हणतो की स्तुती आणि सल्ला ही सख्खी भावंडं आहेत, वाक्याची रचना थोडी फिरवली की एकाचं दुसरं होतं. टिळकांनी स्मशानात तेच केलं.

रडण्याचं. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने इजिप्तच्या सॅमेनिटस राजाची गोष्ट सांगितली आहे. पर्शियाच्या कँबिससने त्याला हरवलं आणि वेशीबाहेर बसवून त्याच्यासमोरून त्याच्या मुलीला दासीच्या कपड्यांत पाणी आणायला धाडलं, मुलाला मरणाला नेलं. राजाने फक्त मान खाली घातली. मग त्याचा एक म्हातारा सोबती सैनिकांकडे भीक मागत गेला आणि राजा हंबरडा फोडून रडला. असं का, विचारल्यावर म्हणाला, घरचं दुःख रडण्यापलीकडचं होतं, मित्राचं मात्र रडण्याजोगं होतं. ॲरिस्टॉटलनेही करुणेबद्दल लिहिताना हीच गोष्ट घेतली आहे, राजाचं नाव तेवढं वेगळं दिलंय. तुमच्या बाबतीत याचा अर्थ असा, की आजारपणाचा उतारा वाचताना कदाचित तुम्हाला काहीच होणार नाही, आणि एखाद्या सहकाऱ्याने सांगितलेल्या छोट्या गोष्टीवर गळा दाटेल. तो प्रसंग कोणता हे तुम्हाला मोठ्याने दोन-तीनदा वाचलं की कळेल. त्याच्या आधी कागदावर लाल रेघ मारा. तिथे थांबायचं, पाणी प्यायचं, मग पुढे. कागद मोठ्या अक्षरांत छापा, एक प्रत भावाकडे द्या, तो बाजूला उभा राहील. तुमच्याने झालं नाही तर पुढचं वाक्य त्याने वाचायचं, हे आधीच ठरलेलं असलं की बहुतेक वेळा ती वेळ येत नाही. आणि आली तर आली. मेनँडर या उत्तरकालीन ग्रीक वक्तृत्वशिक्षकाच्या नावावरच्या ग्रंथात म्हटलंय की मृत्यूला सात-आठ महिने झाले की भाषणात विलाप नको, निव्वळ स्तुती करावी. पण बोलणारा जवळचा नातलग असेल तर वर्षानंतरही त्याच्या मनाला उसंत नसते, म्हणून त्याला मोकळीक आहे. तुमचा तर महिनाच झाला आहे.

आजारपणाचा उतारा मात्र काढा. तो तुमचा पॅथॉसचा भाग होता, पण नळ्या, रिपोर्ट, शेवटची रात्र हे ऐकून लोकांना त्यांच्या घरची माणसं आठवतील, तुमचे बाबा नाही. दवाखान्यातली एकच गोष्ट ठेवा, बॅटरी मागितल्याची.

आणि ते टोचणारं. तंत्र वापरणं शोभतं का?

तुमच्या गावात मयत झालं की आत्या, मावशा येतात त्या आठवा. वेशीपासून रडत येतात, दारात बसतात, आणि गेलेल्या माणसाला हाक मारून त्याने काय काय केलं ते एका लयीत सांगत रडतात. भावाने माहेरपणाला नेसवलेली साडी, दिलेला बैल, दुष्काळात पाठवलेली ज्वारी. ओळीमागून ओळ, प्रत्येक ओळीच्या शेवटी तीच हाक. ते तंत्र आहे, आणि त्यात खोटं काही नाही. ग्रीक बायकाही अशाच रडत. अथेन्समध्ये सोलोन या कायदेकर्त्याने कायदा करून त्या विलापाला आवर घातला, एवढं त्याचं बळ होतं. थ्युसिडिडीसने वर्णन केलेल्या रिवाजात अस्थी तीन दिवस मांडवात ठेवत, ज्याचा त्याचा माणूस येऊन आपल्याला हवं ते अर्पण करून जाई, मिरवणुकीत ज्यांचे देह सापडले नाहीत त्यांच्यासाठी एक रिकामी तिरडीही निघे, बायका कबरीपाशी विलाप करत, आणि हे सगळं झाल्यावर वक्ता उठे. रडणं आधीच होऊन गेलेलं असे. बोलणाऱ्याकडे वेगळं काम होतं. तुमच्या घरातही दहावा-तेरावा झाला आहे. रविवारी तुम्ही शोक सिद्ध करायला उभ्या राहणार नाही आहात.

अँटिफॉन नावाच्या वक्त्याबद्दल एक जुनी गोष्ट सांगतात. त्याने कॉरिंथमध्ये बाजारपेठेजवळ एक खोली घेतली आणि बाहेर लिहिलं की दुःखी माणसांवर मी शब्दांनी उपचार करतो. लोक येत, तो त्यांना दुःखाचं कारण विचारी आणि मग बोले. त्याने आधी विचारलं, मग बोलला, हे मला त्या गोष्टीत सगळ्यात मोलाचं वाटतं. तुम्हीही भावाला आधी वाचून दाखवलंत. तंत्राची लाज ज्याला वाटायला हवी तो माणूस असं करत नाही.

लांबीबद्दल थोडक्यात. मेनँडरच्या त्याच ग्रंथात शोकाच्या भाषणाला १५० ओळींची मर्यादा घातली आहे, कारण दुःखातल्या माणसाला लांबण सोसत नाही. १८६३ मध्ये अमेरिकन यादवी युद्धात मेलेल्या सैनिकांच्या गेटिसबर्गच्या दफनभूमीवर एडवर्ड एव्हरेट, जे पूर्वी हार्वर्डमध्ये ग्रीकचे प्राध्यापक होते, अथेन्सच्या याच रिवाजापासून सुरुवात करून दोन तास बोलले. नंतर लिंकन सुमारे २७० शब्द बोलले. दुसऱ्या दिवशी एव्हरेट यांनी त्यांना लिहिलं की तुम्ही दोन मिनिटांत जिथे पोचलात त्याच्या जवळपास मी दोन तासांत पोचलो असतो तरी आनंद झाला असता. तुम्ही सहा-सात मिनिटं धरा. टाइप केलेली दोन पानं पुरतात.

शेवट कसा करायचा हे तुम्ही विचारलं नाहीत, पण 'कधीही भरून न निघणारी पोकळी' तिथे दबा धरून बसलेली असते म्हणून सांगते. पेरिक्लीस शेवटी एकेकाकडे वळतो: आईबाप, मुलं, भाऊ, विधवा. आईबापांना म्हणतो, मी तुमच्यासाठी रडत नाही, तुम्हाला धीर देतो. हे वळणं घ्या. विधवांशी तो जे बोलला ते कोरडं आणि तोकडं आहे, ते घेऊ नका. तुम्ही सगळ्यात आधी आईकडे वळा. तिच्याशी बोलताना माइक नाही असं समजून बोला, सभेतल्या भाषेत नाही, घरातल्या भाषेत. मग सहकाऱ्यांकडे वळा: आता रात्री लाइट गेली की उठणारे तुम्हीच. आणि थांबा. पेरिक्लीसचं शेवटचं वाक्य एवढंच आहे, की ज्याने त्याने आपल्या माणसासाठी शोक केला आहे, आता घरी जा. हार घातलेल्या फोटोकडे वळून 'बाबा, तुम्ही' असं बोलायची इच्छा झाली तर एकदाच बोला, आणि त्यानंतर दुसरं काही नको.

बॅटरी व्यासपीठावर आणून दाखवू नका. ती लोकांना तुमच्या शब्दांतून दिसू दे. सेल मात्र बदलून ठेवा, आईच्या उशाशी असेल ती.

काकांना शुक्रवारपर्यंत भेटा, म्हणजे त्यांची गोष्ट भाषणात घ्यायला शनिवार हातात राहील. त्याच रात्री भावाला पुन्हा वाचून दाखवा. आणि या वेळी आईलाही बसवा.